बोडी डॉट इन

"बॅड फेथ म्हंजे काय गा, खुशाल?"

खुशालनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "फेथ म्हंजे श्रद्धा, भाऊ. बॅड म्हंजे वाईट. वाईट श्रद्धा... अंधश्रद्धा असन."

"म्हंजे माह्या पोरीनं, साधनानं जादूटोना केला म्हनते का मुंबईचा वकील?"

"तसं काऊन म्हनन तो? थांबा, डिक्शनरीत पाह्यतो."

मूल गावातल्या बसस्टँडसमोरच्या खुशालच्या संगणक केंद्रात तीन संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि एक डिक्शनरी होती. डिक्शनरीची पहिली चाळीस पानं उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे 'ए'नं सुरू होणारे इंग्रजी शब्द मूल तालुक्यात कोणालाच कळत नसत. 'बी' मात्र शाबूत होता. खुशालनं शब्द शोधला, वाचला आणि डिक्शनरी मिटली. तो तिशीपुढचा, दोन लेकरांचा बाप, एरवी तोंड न मिटणारा.

"सांग ना बाप्पा."

"खोटी नियत," खुशाल टेबलाकडे बघत म्हणाला. "बेइमानी."

मनसाराम भानारकर उभा होता तो खुर्चीवर बसला. पत्र त्याच्या मुलीच्या नावानं आलं होतं. कुरिअरवाल्यानं ते सकाळी घरी बायकोच्या, कुंताच्या हातात दिलं होतं. पत्रावर 'कु. साधना मनसाराम भानारकर' असं छापील अक्षरात लिहिलेलं पाहून तिनं ते न फोडताच नवऱ्याच्या हातात दिलं होतं. २००८ सालचा जानेवारी चालू होता. साधनाला जाऊन चार महिने झाले होते. भादव्यात ताप आला, तो मेंदूत चढला, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. चोवीस वर्षांची होती.

आता गोष्ट नीट सांगायची तर आधी बोडी सांगावी लागते. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला बोडी म्हटलं की वपन केलेलं डोकं आठवतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बोडी म्हणजे धानाच्या शेतांच्या वरच्या अंगाला घरच्या माणसांनी खोदलेलं छोटं तळं. पाऊस दगा देऊन गेला तर धानाला शेवटचं पाणी बोडीच देते. तिच्यातच म्हशी डुंबतात, तिच्यातच बाया धुणं धुतात, आणि उन्हाळ्यात गाळ उरला की त्यातले झिंगे वेचून आठवडाभर घरात कालवण होतं. तलाव सरकारचा असतो, बोडी घरची असते.

मनसाराम पाटबंधारे खात्यात चौकीदार होता. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि लावायचं, एवढंच त्याचं काम. तीस वर्षं सायकलवर फिरून तालुक्यातल्या झाडून सगळ्या बोड्या त्याच्या पायाखालून गेल्या होत्या. कोणती कोणी खोदली, कोणत्या बोडीवरून कोणत्या भावांत काठ्या निघाल्या, कोणत्या बोडीत मरळ मासे होते आणि कोणतीत नुसतं शेवाळ, हे सगळं त्याला तोंडपाठ. खात्याला या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता, कारण खात्याच्या लेखी बोडी अस्तित्वातच नव्हती. त्याची ही बडबड फक्त एका माणसाला ऐकावीशी वाटली, ती साधना.

ती बी.ए. होऊन खुशालच्या केंद्रात शिकवायला लागली होती. रोज संध्याकाळी जेवण झालं की वही घेऊन बापासमोर बसायची. "बाबा, आज कोनती?" बाप सांगायचा, ती लिहायची. सात जावांची बोडी. मुक्याची बोडी. हरवलेल्या रेड्याची बोडी. मग केंद्रातल्या संगणकावर ते टाईप करायची, रविवारी खुशालचा कॅमेरा मागून घेऊन फोटो काढून आणायची. दोनशे अकरा बोड्या झाल्या तेव्हा तिनं त्यांचं एक पान इंटरनेटवर टाकलं. नाव काय ठेवायचं यावर फार विचार करावा लागला नाही. बोडीच्या पानाचं नाव बोडी. इंग्रजी चार अक्षरं, एक टिंब आणि 'इन'. अख्ख्या भारतात ते नाव कोणी घेतलेलं नव्हतं याचं तिला केवढं नवल वाटलं होतं!

नेमक्या त्याच चार अक्षरांचा साबण मुंबईची एक कंपनी विकत होती. साबण, पावडर, आंघोळीनंतर अंगाला लावायचं क्रीम. नावाची नोंदणी साधनाच्या आधीची, रीतसर, सरकारी शिक्क्याची. कंपनीचं म्हणणं असं की हे नाव आमचं. ते या बाईनं आमच्या नावलौकिकावर डोळा ठेवून, खोट्या नियतीनं अडवून धरलं आहे. आणि आमचे ग्राहक फसून भलतीकडे जात आहेत. साबण शोधायला निघालेला माणूस चुकून बोडीत पडेल, अशी कंपनीला धास्ती होती. तक्रार दिल्लीच्या लवादाकडे गेली होती. उत्तराला मुदत पंधरा दिवसांची.

"नाव गेलं तरी घाबरू नका, भाऊ," खुशाल म्हणाला. "पानं समदी सीडीवर उतरवून ठेवली हायेत मी. दुसऱ्या नावानं टाकता येते."

"नाव नेऊ दे ना बाबू. साबनाले नाव पाह्यजे असन त नेऊ दे." मनसारामनं कागदावरच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "हे काऊन लिवलं? माह्या पोरीनं कोनाचं काय खाल्लं? पेरूच्या बागेतून जाताना खाली पडलेला पेरू उचलत नव्हती ते. हे तेवढं काढाले सांग त्याईले."

त्याचं मागणं एवढंच होतं, आणि शेवटपर्यंत ते एवढंच राहिलं. घरी येऊन त्यानं स्वतःच पत्र लिहायला घेतलं.

पत्र लिहिण्यात मनसारामचा हात धरणारा चौकीदार खात्यात दुसरा नव्हता. रजेचा अर्ज असो की तुडुमाला ग्रीस मागणारा, त्याचा कागद शाखा अभियंते हसत हसत वाचत आणि मंजूर करत. मोठ्या माणसाला पत्र कसं लिहावं हे त्याला शाळेतल्या गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं: आधी त्याला मोठं करावं, मग आपण लहान व्हावं, आणि मधल्या जागेत हळूच काम सांगावं. आखीव कागद, निळी शाई. कुंता चुलीजवळ बसून ऐकत होती आणि तो एकेक वाक्य मोठ्यानं बोलत लिहीत होता.

"माननीय साहेब, सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपल्यासारख्या थोरांनी आमच्या गरिबाच्या लेकीची दखल घेतली, आम्ही धन्य झालो. कु. साधना हिचे भाद्रपदात दुःखद निधन झाले, दाखला सोबत जोडला आहे. तिने बोडीचे पान हौसेने केले होते. ते आपलेच समजावे. तिच्या हातून काही उणे-अधिक झाले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. फक्त तिच्या नावापुढे वाईट शब्द लिहू नये, ही नम्र विनंती. लहान तोंडी मोठा घास घेतला. चूकभूल द्यावी घ्यावी. आपला कृपाभिलाषी."

"चांगलं झालं," कुंता म्हणाली. "ऐकून दगडाले पाझर फुटन."

मनसारामलाही तसंच वाटलं. त्यानं एक प्रत मुंबईला आणि एक दिल्लीला रजिस्टर पोस्टानं धाडली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

नऊ दिवसांनी जाडजूड पाकीट आलं. खुशालनं चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, "भाऊ, हे माह्या अकलेबाहेरचं हाये. चंद्रपूरले वकिलाकडं जा."

देवाजी वकील मनसारामच्या सासऱ्याच्या गावचे. आयुष्यभर जमिनीचे दावे चालवलेले. त्यांनी चष्मा लावून पाकीट वाचलं, मध्येच चष्मा काढून मनसारामकडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं.

"मनसाराम, तू यायले पत्र लिवलं होतं का?"

"हो जी. चांगलं लिवलं होतं."

"भलतंच चांगलं लिवलं. त्याईनं त्याचं इंग्रजी करून लवादाले देल्लं. आयक आता." वकिलांनी बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगायला सुरुवात केली. "'प्रतिवादीचे वडील लेखी मान्य करतात की सदर नाव तक्रारदार कंपनीचेच आहे.'"

"असं कुठी लिवलं मी?"

"'आपलेच समजावे' लिवलं ना?"

"ते म्हनाची रीत हाये जी! घरी पाव्हना आला त आपन म्हनत नाई का, घर आपलंच समजा? म्हनून तो काय घर घेऊन जाते का?"

"पुढं आयक. 'मुलीच्या हातून गैरकृत्य झाल्याची ते क्षमा मागतात.' हे तुहं उणे-अधिक. 'चूक झाल्याचे ते पुन्हा एकदा कबूल करतात.' हे चूकभूल द्यावी घ्यावी. अन् हे पाह्य," वकिलांचा आवाज उतरला, "'आपल्या तोंडाच्या मानाने मोठी वस्तू गिळण्याचा प्रयत्न केल्याचेही त्यांनी नमूद केले आहे.'"

मनसाराम ओठ हलवत स्वतःचीच वाक्यं मनाशी म्हणत राहिला. गुरुजींनी छडी मारून शिकवलेली एकूण एक ओळ पोरीच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. खोटं तर कोणीच काही लिहिलं नव्हतं. शब्द त्याचेच होते. आपण गप्प बसलो असतो तरी पोरीचं एवढं वाटोळं झालं नसतं, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि ते त्याच्या उरात कायमचं जाऊन बसलं.

"आता काय कराचं जी?"

"जमीन असती त सोपं होतं," देवाजी वकील म्हणाले. "मयताचं नाव कमी, वारसाचं नाव चढव. तलाठ्यानं फेरफार केला असता अन् मंग तू बोलाले मोकळा. या इंटरनेटले तलाठी नाई, बाबा. कागदावर मालक ते पोरगी. ते बोलू शकत नाई, अन् तुले बोलाचा हक्क नाई. तरी मी लिवतो."

त्यांनी मनापासून लिहिलं. बोडी हा शब्द साबणाच्या आधीपासून या मुलखात आहे हे दाखवायला जुन्या सातबाऱ्याचा उतारा जोडला. त्यात पीकपाण्याच्या रकान्यात तलाठ्याच्या हातचं 'बोडी' असं स्वच्छ दिसत होतं. मनसारामला वाटलं, सरकारच्याच माणसानं लिहिलेलं आहे म्हटल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे. पण वकिलांच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता. निघताना ते म्हणाले, "कंपनीच्या वकिलाले फोन करून पाह्य. मानसं असतेत कधी कधी."

फोन खुशालच्या केंद्रातून लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, मराठी, शहरातला, समजूतदार. मनसारामनं नाव सांगितलं.

"काका, तुमचं पत्र मी वाचलंय. मला फार वाईट वाटलं. पण बॉडी डॉट इनचं असं आहे की..."

"बॉडी नाई जी, बोडी."

"हो, तेच. बॉडी डॉट इन आम्हाला मिळायचं तर लवादासमोर..."

ती पुढं काय बोलली ते मनसारामला थोडा वेळ ऐकूच आलं नाही. बॉडी हा शब्द त्यानं आयुष्यात एकदाच नीट ऐकला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात, पहाटे, एका नर्सबाईनं यादीत बघत विचारलं होतं, "बॉडी कोणाच्या ताब्यात द्यायची?" आणि त्याला कळेचना की ही बाई कशाबद्दल विचारते आहे. तो म्हणाला होता, "माह्या पोरीले घ्याले आलो मी."

"काका? ऐकताय ना?"

"हो जी, बाई. मॅडम, नाव तुमी नेऊन टाका. मी अडवत नाई. पोरीले बेइमान म्हनू नका, येवढंच."

"तीच तर अडचण आहे." बाई हळू आवाजात बोलू लागली. "लवाद असं नुसतं नाव काढून देत नाही. समोरच्यानं वाईट हेतूनं घेतलं हे सिद्ध झालं तरच देतो. आम्हाला तुमच्या मुलीबद्दल काही म्हणायचं नाहीये हो. तो एक ठरलेला मसुदा असतो. सगळ्यांबद्दल तेच लिहितात."

"सगळ्याईची पोरगी मेली नाई ना, बाई."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"एक रस्ता आहे," बाई अखेर म्हणाली. "मालकानं स्वतःहून नाव सोडलं तर आम्ही तक्रार मागे घेऊ. मग निकालच लागणार नाही, तो शब्दही कुठे येणार नाही. पण ते तिच्या नोंदवलेल्या ई-मेलवरूनच यायला हवं. शुक्रवारपर्यंत. ते कोणी पाठवलं हे मी विचारणार नाही, काका. मला फक्त तिच्या पत्त्यावरून आलेलं दिसलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर खुशालनं ताबडतोब साधनाच्या ई-मेलचं पान उघडलं. पासवर्ड दोघांनाही माहीत नव्हता. विसरलात का, असं विचारणाऱ्या ओळीवर त्यानं दाबलं तेव्हा पडद्यावर एक प्रश्न आला. तिनं खातं उघडताना स्वतःच निवडलेला.

"काय इचारते?"

"इचारते, तुमची आवडती जागा कोनती." खुशालनं पुढचं वाचलं. "दिवसाले तीनदाच उत्तर देता येते, भाऊ. तीनदा चुकलं का दुसऱ्या दिवसापर्यंत बंद."

मंगळवार होता. शुक्रवारपर्यंत चार दिवस, म्हणजे बारा उत्तरं. आणि बोड्या दोनशे अकरा.

पहिलं नाव मनसारामनं छातीठोकपणे सांगितलं: सात जावांची बोडी. ती गोष्ट साधना त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. चूक. मुक्याची बोडी. चूक. घरामागची, जिच्यात ती पोहायला शिकली ती. चूक. खुशाल म्हणाला, नाव बरोबर असलं तरी इंग्रजीत अक्षरं तिनं कशी लावली असतील कोण जाणे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी संगणक नाहीच म्हणतो. बुधवारी त्यांनी त्याच तीन बोड्या दुसऱ्या अक्षरांनी टाकून पाहिल्या. संगणक नाहीच म्हणाला.

मनसारामनं ड्यूटीवर जाणं सोडलं. दिवसभर तो सायकलवर बोड्या बघत हिंडला. प्रत्येकीच्या पाळीवर उभा राहून त्यानं आठवायचा प्रयत्न केला: इथं आणलं तेव्हा पोरगी काय म्हणाली होती, हसली होती का, जास्त वेळ थांबली होती का. त्याला आठवत होतं ते सगळं त्याचं स्वतःचंच बोलणं. तो सांगत होता, ती लिहीत होती. तिला काय आवडतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

गुरुवारची तीनही उत्तरं वाया गेली. घरी आला तेव्हा कुंता अंगणात तांदूळ निवडत होती.

"आता किती राह्यले?" तिनं विचारलं.

"तीन. उद्याचे."

कुंतानं सूप खाली ठेवलं. "रागवाल नाई त सांगू का जी? तुमी बोड्याईचे नावं काऊन टाकून राह्यले? बोड्या तुमच्या आवडीच्या होत्या."

"मंग तिच्या कोनत्या?"

"नागपूर," कुंता म्हणाली. "तिले नागपूरले जाचं होतं. तिथी मोठा कोर्स कराचा होता. मले म्हने, आई, बाबांच्या बोड्या समद्या लिवून झाल्या का मी इचारतो त्याईले. त्या पूर्ण झाल्याबिगर त्याईचा जीव लागनार नाई म्हने."

मनसाराम सायकल धरून तसाच उभा राहिला. दोनशे अकरा बोड्या पूर्ण झाल्यावर आपण तिला काय म्हणालो होतो ते त्याला लख्ख आठवलं. तो म्हणाला होता, आता सिंदेवाही तालुक्याच्या घेऊ.

शुक्रवारी कुंता पहिल्यांदाच खुशालच्या केंद्रात आली. साधना बसायची त्या खुर्चीवर बसायला खुशालनं सांगितलं, पण ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खुशालनं नागपूर टाकलं. चूक. नागपूरची अक्षरं बदलून टाकलं. चूक. शेवटचं एक उरलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुंता म्हणाली, "घर टाकून पाह्य, बाबू." खुशालनं घर टाकलं.

संगणक उद्या या म्हणाला.

निकाल मार्चमध्ये आला. नऊ पानं होती. खुशालनं एक अख्खी दुपार घालवून ती वाचली आणि मग मनसारामला बोलावणं पाठवलं. सातबाऱ्याचा उतारा प्रमाणित इंग्रजी भाषांतराविना असल्यामुळे विचारात घेतला नव्हता. वडिलांच्या पत्रातली कबुली घेतली होती. आणि सहाव्या पानावर लिहिलं होतं की प्रतिवादी मयत असल्याचं कळवण्यात आलं आहे. परंतु नियत पाहायची ती नोंदणीच्या दिवसाची, आणि नोंदणीच्या दिवशी प्रतिवादी जिवंत होती. सबब तिनं सदर नाव खोट्या नियतीनं घेतलं, असं ठरवण्यात येत आहे.

"वर अपील?" मनसारामनं विचारलं.

"दिल्लीत," खुशाल म्हणाला. "देवाजी वकील म्हनले, मालकानं करावं लागते."

मनसारामनं मान हलवली. मालक. बरोबर आहे.

"पान पाह्यता का?" खुशालनं नाव टाकलं. सात जावांच्या बोडीच्या जागी एका बाईचा ओला खांदा आणि त्यावर साबणाचा फेस आला. खुशालनं ते घाईघाईनं बंद केलं. "मी सीडीवरचं टाकतो, भाऊ, दुसऱ्या नावानं. आईशप्पथ टाकतो. थोडा येळ भेटू द्या."

"हे निकालाचे कागद कोन कोन पाह्यन, गा?"

खुशाल घुटमळला. पण खोटं बोलणं त्याला जमत नसे. "कोनीबी. निकाल इंटरनेटवर टाकतेत ते."

"दाखव. साधनाचं नाव टाकून दाखव."

"काऊन जिवाले तरास करून घेता?"

"दाखव म्हनतो ना."

खुशालनं इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव टाकलं: साधना मनसाराम भानारकर. थोड्या वेळानं एक ओळ आली. एकच. त्यावर दाबल्यावर निकालाचं पहिलं पान उघडलं. मनसारामला इंग्रजी वाचता येत नसे, पण पगारपत्रकावर स्वतःचं नाव बघून बघून मोठी अक्षरं ओळखीची झाली होती. त्यानं एकेक अक्षर लावत नाव वाचलं. तिचं, मग त्याचं, मग आडनाव.

"दुसरीकडं कुठी नाई?"

"नाई, भाऊ. तिच्या पानाच्या खाली होतं, पन ते मराठी अक्षरात होतं, अन् आता बंद झालं. सरकारी नोकरीले नव्हती, मतदार यादी इथी येत नाई. समद्या इंटरनेटवर येवढ्या एकाच जागी नाव हाये."

"हे राह्यन ना? मिटवत नाई ना कोनी?"

"हे नाई मिटत."

मनसारामनं खुर्ची पुढं ओढली. नावाखाली इंग्रजीतल्या दाट ओळी होत्या, आणि त्यांतला तो दोन शब्दांचा आकार आता त्याला न वाचताही ओळखू येत होता. त्यानं उजव्या हाताचा तळवा काचेवर ठेवला. तीस वर्षं तुडुमाची दांडी फिरवून रुंद झालेल्या त्या हाताखाली ओळी झाकल्या गेल्या. वर तेवढं नाव उरलं.

"बंद करू का, भाऊ?" खुशालनं विचारलं.

"राहू दे थोडा येळ."

परीक्षेचा फॉर्म भरायला दोन कॉलेजातल्या मुली आत आल्या. खुशालनं त्यांना शेजारच्या संगणकावर बसवलं आणि बोलू नका म्हणून खूण केली.